दोघांच्या नावाचा कौल

८ फेब्रुवारी, रविवार
विश्रामबाग, सांगली

ही वही लडाखच्या तयारीसाठी आणली. पहिल्या पानावर रस्ता, दुसऱ्यावर सामान, तिसऱ्यावर गाडीची कामं असं ठरवलं होतं. पण पेन उघडलं आणि पहिल्याच पानावर भलतंच यायला लागलं. येऊ दे. वही माझ्या टेबलाच्या खणात राहणार, दुसरं कोण वाचतंय!

तर आज ठरलं. २४ मेला निघायचं. अश्फाकची जीप, अश्फाक आणि मी. सांगलीहून मनाली, मनालीहून घाट चढत लेह, आणि लेहच्या पुढे हानलेचं माळरान. तिथे आठ दिवस तंबूत राहायचं. हॉटेल नाही, गर्दी नाही, फोन लागला तर लागला. मी चोवीस वर्षं अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. हिमनदी फळ्यावर डोळे झाकून काढतो, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला सगळ्यात मोठा बर्फ म्हणजे मिरजेच्या मासळी बाजारातली लादी.

अश्फाक मिरजेचा. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबोरे आणि सतारी होतात. त्यासाठी लागणारे भोपळे बघायला त्याला नदीकाठची रानं पालथी घालावी लागतात, म्हणून त्याच्याकडे चारही चाकं ओढणारी जीप आहे. विषय मीच काढला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "धनाजीभाऊंना विचारलंस का? बेत तर त्यांचा ना?"

मी मान हलवली. हो अशी.

विचारलेलं नाही.

धनाजी आणि मी म्हसवडजवळच्या एकाच वाडीतले, एकाच बाकावरचे. तो एकोणिसाव्या वर्षी फौजेत ड्रायव्हर झाला. त्यातली नऊ वर्षं मनाली-लेह रस्त्यावर. दर सुट्टीत तो सांगायचा आणि मी ऐकायचो. "मास्तर, नऊ वर्सं त्या तळ्याजवळनं गेलो, पर एकदा थांबलो न्हाई. कॉन्व्हायमदी गाडी थांबवता येत न्हाई. पेन्शनीत गेलो की आपण दोघं जायाचं. हुकूम न्हाई, पुढं गाडी न्हाई, मागं गाडी न्हाई. त्या तळ्यावर थांबायचं आन चा करून प्यायचा." ते तळं म्हणजे बारालाचा खिंडीखालचा सूरजताल. वर्गात हे नाव घेताना मला दर वेळी धनाजी आठवतो.

डिसेंबरात त्याच्या छातीत कळ आली. मिरजेला आणलं, दोन स्प्रिंगा घातल्या. आठ दिवस आम्हा दोघांचा डबा अश्फाकच्या घरून यायचा, त्याच्या आईच्या, हाजराबी चाचींच्या हातचा. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. म्हणाले, "चालतील, फिरतील, सगळं करतील. फक्त उंचीवर नाही. लडाख वगैरे डोक्यातून काढून टाका म्हणावं. तुम्ही मित्र आहात, तुम्हीच सावकाश सांगा."

मी हो म्हणालो. त्याला आता दोन महिने होत आले. इतकं सावकाश डॉक्टरांनाही अपेक्षित नसेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

धनाजीला फोन केला. सहज केला असं दाखवलं. डिझेलचं विचारलं.

"टांडीला टाकी गच्च भरायची," तो म्हणाला. "वर दोन कॅन. पुढं पंपाचा भरवसा न्हाई. आन सकाळी लवकर निघायचं, दुपारी बर्फ वितळून वड्याचं पाणी रस्त्यावर येतंय. लिहून घेतोस न्हवं?"

मी लिहून घेत होतो. चोरी करायची आणि किल्ली कुठे ठेवता हे घरमालकालाच विचारायचं, असला हा प्रकार आहे. शेवटी तो म्हणाला, "अजून काय इचारायचं हाय का?" मी म्हटलं, नाही. तो जरा थांबला आणि "बरं" म्हणून फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

वैजयंताने आज जेवताना विचारलं, "भाऊजींना सांगितलंत का?"

"सांगणार आहे."

"कधी? मनालीहून पत्र टाकणार का?"

बायकोच्या तोंडून खरं ऐकलं की भाजी खारट लागते. मी म्हटलं, त्याची तब्येत आत्ता कुठे सुधारतेय, मनाला धक्का बसला तर? ती म्हणाली, "त्यांच्या मनाचं कारण सांगू नका. तुम्हाला तुमचंच तोंड उघडवत नाही."

हे चुकीचं आहे. मला खरोखरच त्याच्या हृदयाची काळजी आहे. निदान अर्धी तरी.

८ मार्च, रविवार

उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो. हे वैजयंतालाही सांगितलेलं नाही.

डॉक्टर त्या दिवशी म्हणाले, लडाख नाही, तेव्हा मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण जिना उतरताना, चौथ्या-पाचव्या पायरीवर, आतून कुठूनतरी बरंही वाटलं.

कारण धनाजीबरोबर गेलो असतो तर तो धनाजीचा प्रवास झाला असता. गाडी त्याने चालवली असती, रस्ता त्याला माहीत, चेकपोस्टवरचे फौजी त्याला कडक सलाम ठोकणार, आणि मी शेजारच्या सीटवर बिस्किटाचा पुडा धरून बसणार. लहानपणापासून हेच. विहिरीत पहिली उडी त्याची, मी काठावर त्याचे कपडे धरून. एकदा, फक्त एकदा, मला स्वतः स्टिअरिंग धरून तिथवर जायचं होतं. आणि त्याच्या छातीतल्या कळेने ती वाट मोकळी केली.

माझा जिगरी दोस्त मरता मरता वाचला आणि पाचव्या पायरीवर मला बरं वाटलं. लिहून मोकळं वाटेल असं म्हणतात. अजिबात वाटत नाही.

२१ मार्च, शनिवार

ईद. दुपारी अश्फाककडे शिरखुर्मा प्यायला गेलो, तर धनाजी आधीच येऊन बसलेला! तपासणीसाठी काल मिरजेला आला होता म्हणे. हाजराबी चाची त्याला वाढताना म्हणत होत्या, "साखर कमी घातलीय बेटा, तुझ्यासाठी वेगळा केला." अश्फाक काही बोलून गेला तर?

जेवण झाल्यावर दोघं कारखान्यात गेले. मी चाचींपाशी अडकलो. बऱ्याच वेळाने गेलो, तर वाळत टांगलेल्या भोपळ्यांखाली दोघं स्टुलांवर समोरासमोर बसलेले, आणि मला बघून बोलणं थांबलं. धनाजी हसला आणि म्हणाला, "ये मास्तर. अश्फाकभाई सांगत हुता, भोपळा आतनं किती पोकळ हाय ते टिचकी मारली की कळतंय."

अश्फाक हसला नाही. मला सोडायला दारापर्यंत आला, पण नेहमीसारखा खांद्यावर हात टाकला नाही. पुण्याच्या तंबोऱ्यांचं काम लांबलंय, त्याचा ताण असेल. एकूण, निभावलं.

५ एप्रिल, रविवार
म्हसवडहून परत

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहितो.

आमच्या वाडीची रीत अशी की लांबच्या वाटेला निघण्याआधी बिरोबाचा कौल घ्यायचा. आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर पडायचे, ते कौल घेतल्याशिवाय वाडीची शीव ओलांडत नसत. जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव देवापुढे घ्यायचं. देवाच्या दोन खांद्यांना पाण्याने कण्हेरीच्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांब. मी विज्ञानाच्या बाजूचा माणूस, पण वैजयंता म्हणाली कौल घेतल्याशिवाय मी डबा बांधून देणार नाही. मलाही मनातून हवाच होता. धनाजी नेमका आज लग्नाला फलटणला जाणार हे ठाऊक होतं, म्हणून आजचा दिवस धरला.

देवाचं सगळं नानासो बघतात. धनाजीचे चुलते, सत्तरीचे. त्यांनी देव धुतला, कळ्या लावल्या आणि विचारलं, "लाला, कोन कोन निगालाय?"

"मी," मी म्हटलं. "आन..."

अश्फाकचं नाव ओठांवर होतं.

"आन आमचा धनाजी," नानासो म्हणाले. "म्हाईत हाय की." आणि डोळे मिटून सुरू झाले. "बिरोबा, तुजी दोन लेकरं, लालासाहेब आन धनाजी, उत्तरंला निगाल्यात..."

मी थांबवायला हवं होतं. "नाना, थांबा, धनाजी येणार नाही," एवढेच चार-पाच शब्द. पण मागे धनाजीची बायको राणी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिच्या समोर कसं सांगू? मिठाची गुळणी धरून बसलो. मनात म्हटलं, देवा, डावी पाड. डावी पाड म्हणजे सगळंच मिटेल.

उजवी पडली. लगेच. नानासोंचं बोलणं पुरं व्हायच्या आत.

राणीने पदर डोळ्याला लावला. "भावजी, मला लय भ्या वाटत हुतं वो. डाक्टर काय सांगत न्हाईत, ह्ये काय सांगत न्हाईत. आता द्यावानंच व्हय म्हटलंय. न्या त्यास्नी. इतकी वर्सं नुसतं त्या तळ्याचं सांगत्यात."

नानासोंनी भंडाऱ्याच्या दोन पुड्या बांधून दिल्या, एक माझ्या नावाची, एक त्याच्या. नेलेला भंडारा परत आणून देवाच्या पायावर घालायचा आणि मग घरी जायचं, हेही बजावलं.

येताना विट्याच्या पुढे गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसलो.

७ एप्रिल, मंगळवार

सकाळी राणीचा फोन. धनाजी रोज पहाटे टेकडी चढायला लागलाय. "कौल लागल्यापासनं अंगात बळ आलंय बघा भावजी."

म्हणजे तो यायची तयारी करतोय. सतरा-अठरा हजार फुटांवर, दोन स्प्रिंगांसह, माझ्या एका गप्प बसण्यामुळे. त्याला तिथे काही झालं तर ते मी केलेलं असेल. वर्गात विरळ हवेचा धडा होता आज. 'उंची वाढते तसा प्राणवायू कमी होत जातो' हे वाक्य मी अर्ध्यावर सोडलं आणि मुलांना वाचून घ्या म्हणालो.

या रविवारी सांगतोच.

१२ एप्रिल, रविवार

सांगितलं नाही. पेपर तपासणी होती.

१९ एप्रिल, रविवार

धनाजी शुक्रवारी तपासणीला आला आणि आमच्याकडेच राहिला. आज सकाळी म्हणाला, "मास्तर, गाडी काढ. कुंभार्ली घाटात जाऊ. तुझा हात बघायचा हाय." अश्फाकनेही जीप बिनबोभाट दिली. किल्ली देताना माझ्याकडे न बघता धनाजीला म्हणाला, "धनाजीभाऊ, सांभाळून." मला काहीच म्हणाला नाही. तंबोऱ्यांचं अजून उरकलेलं दिसत नाही.

घाटात धनाजीने मला घाम फोडला. चढावर गाडी थांबवायला लावली आणि हँडब्रेक न लावता उचलायला लावली. तीन वेळा बंद पडली. एका वळणावर म्हणाला, "रिव्हर्स घे. त्या दगडापातूर." दरी डाव्या हाताला.

"चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. म्हंजे उतरताना तुला मागं जावं लागंल. शिकून ठेव."

"आरं, पर तू हायस की," मी म्हणून गेलो. जीभ झडली नाही.

"मी न्हाई असं समजून चालीव," तो म्हणाला. त्याला मला हिणवायला नेहमीच आवडतं.

मग हेळवाकच्या अलीकडे चहाला थांबलो. तो बोटं मोजत सांगत राहिला. सोबतच्याचं डोकं दुखायला लागलं, बरळायला लागला, पाय वाकडे पडायला लागले की मागे फिरायचं. "वर जायचं न्हाई, खाली यायचं. तळं चार किलोमीटरवर असलं तरी माघारी. माणूस आधी."

मला वाटलं आता. आता नाही तर कधीच नाही.

"धनाजी, एक सांगायचं हुतं."

त्याने कप खाली ठेवला. शेजारच्या टेबलावर पोरं मोबाइलवर गाणी लावून बसली होती, त्यांना त्याने हाताने आवाज कमी करायला सांगितला. माझ्याकडे वळून बसला. "बोल की."

मी त्याच्याकडे बघितलं. केस पांढरे झालेत. मनगटं तेवढी अजून तशीच, जाड.

"मी... क्लच लय लवकर सोडतोय का रं?"

त्याने कप परत उचलला.

"व्हय," तो म्हणाला. "लय लवकर सोडतोस."

परत येताना तो झोपला, किंवा डोळे मिटून बसला. पाटणपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही, हे त्याला सांगायचं राहून गेलं.

३ मे, रविवार

म्हसवडच्या एसटीने धनाजीने एक बोचकं पाठवलं. त्यात त्याचा फौजेतला जाड कोट, लोकरी पायमोजे, कानटोपी, आणि चार पानांची यादी. कुठे थांबायचं, कुठे नाही थांबायचं, कुठल्या ढाब्यावर कोणाचं नाव सांगायचं. सूरजतालपुढे दोन रेघा मारल्यात आणि फक्त 'चा' लिहिलंय.

कोट घालून बघितला. धनाजी माझ्यापेक्षा हातभर उंच, पण कोटाच्या बाह्या आखूड करून घेतलेल्या, शिवण नवी. आजारपणात माणूस आटतो हेच खरं. मला तर तो मापाचा बसला. त्याला यात थंडी वाजेल, दुसरा कोट घ्यायला हवा त्याच्यासाठी, असं मनात आलं आणि मग आठवलं की तो येणारच नाही, त्याला येऊ द्यायचं नाही.

वैजयंता दारात उभी राहून बघत होती. बाह्यांना हात लावून म्हणाली, "तुम्ही भूगोल शिकवता की नुसताच पगार घेता?" कशावरून म्हणाली कोण जाणे. विचारलं तर रडत आत गेली.

१५ मे, शुक्रवार

नऊ दिवस राहिले. अश्फाक कामापुरतं बोलतो. तंबू आला, स्टोव्ह आला, परवानगीचे कागद आले. राणीचा फोन मात्र टेकडीच्या त्या फोननंतर आलेला नाही. मी केला तर उचलत नाही. धनाजी तेवढा रोज विचारतो, "तयारी?" मी म्हणतो, "झाली." जगातल्या कुठल्याही दरीला मी इतका भ्यालो नसेन इतका त्या एका वाक्याला भितोय.

पण आता दुसरं भय मोठं झालंय. चोवीस तारखेला तो बॅग घेऊन दारात उभा राहिला तर? त्याला तेव्हा दारातूनच परत पाठवू? की डोळे झाकून घेऊन जाऊ? काल स्वप्नात जीपच्या मागच्या सीटवर तो बरळत होता आणि मला रिव्हर्स घेता येत नव्हता.

रविवारी जातो. शपथ लिहून ठेवत नाही, शपथा खूप झाल्या.

१७ मे, रविवार
म्हसवडहून परत

सांगितलं.

धनाजी अंगणात चिंचेखाली खाटेवर बसला होता. राणी दारात होती, मला बघून आत गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि एका दमात बोललो. डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलंय, तुला उंचीवर जायचं नाही, मी तुला सांगितलं नाही, मी अश्फाकबरोबर जातोय, कौलात तुझं नाव आलं तेव्हा मी गप्प बसलो.

धनाजी चिंचेच्या वाळक्या पाल्याची काडी मोडत होता.

"झालं?" तो म्हणाला.

"व्हय."

"पाच म्हयनं लागलं तुला."

मला कळेना. तो सांगत गेला, आवाज न चढवता. "जानेवारीत मी डाक्टरला इचारलं, लडाखला जाऊ का? त्यो म्हनाला, आवं, तुमच्या मित्राला सांगितलंय की, बोलला न्हाई व्हय? मी म्हटलं, बोलंल. मग फेब्रुवारीत अश्फाकचा फोन. धनाजीभाऊ, तुमी मोठ्या मनानं हो म्हनला, लय उपकार. मला काय म्हाईत मी कशाला हो म्हटलंय? तरी म्हटलं, व्हय व्हय, जावा. तुला खोटं पाडायचं जिवावर आलं. ईदीला त्याला खरं कळलं. त्यो म्हनला, मी गाडी काढत न्हाई. मी त्याला म्हटलं, त्याला सोतानं बोलू द्या. शपथ घातली."

"आन कौल?"

"नानानं कौलाचं सांगितलं तवा मीच म्हटलं, माजं नाव घ्या. मला वाटलं, माज्यापुढं बोलवंना तर बोलवंना, देवापुढं तर बोलशील. 'न्हाई नाना, त्यो येनार न्हाई.' येवढंच." काडी मोडून संपली होती. "तू बसलास गप. राणी हसत घरी आली, मी फलटणवरनं आल्यावर मला सांगाय लागली. दोन-तीन दिवस तिला बी काय बोलवलं न्हाई मला. मग सांगितलं. दोन दिवस जेवली न्हाई ती. कोटाच्या बाह्या तरी तिनंच तुज्या मापानं केल्या. पर तुज्याशी बोलनार न्हाई म्हनती."

बाह्या. मी चोवीस वर्षं नकाशे वाचायला शिकवतोय.

"आन टेकडी?"

"डाक्टरनं सांगितलंय रोज चालायला. तेवढी टेकडी चालती मला."

मी म्हटलं, मग मी जात नाही. बेत रद्द. त्यावर मात्र तो पहिल्यांदा भडकला. "ह्ये आनि नवीन! तू गेला न्हाईस की माज्यामुळं गेला न्हाईस असं हुनार. जल्मभर ते वझं मी व्हायचं व्हय? घाटात हाडं झिजवून तुला रिव्हर्स शिकिवला तो कशाला?"

मग चहा त्यानेच केला, बिनसाखरेचा. पेला देताना खाली बघत विचारलं, "एक खरं सांग लाल्या. मला येता येनार न्हाई म्हटल्यावर तुला बरं वाटलं का रं?"

शाळा सोडल्यापासून त्याने मला लाल्या म्हटलं नव्हतं. खोटं बोलायला तोंड वळेना.

"व्हय," मी म्हटलं. "थोडं."

त्याने मान हलवली. चहा संपवला.

"येवढं एक खरं बोललास," तो म्हणाला आणि पेले घेऊन आत गेला. परत बाहेर आला नाही. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो.

२० मे, बुधवार

अश्फाककडे जाऊन त्याची माफी मागितली. तो तारा लावत होता. म्हणाला, "माझी कसली? मला तू खोटं बोललास, त्यांना तू काहीच बोलला नाहीस. दुसरं जास्त वाईट." मग थोड्या वेळाने खुंटी पिळता पिळता, "जाऊ या. धनाजीभाऊंनी मला बजावलंय, त्याला एकटा सोडू नका, तो क्लच लवकर सोडतो."

धनाजीचा फोन नाही. मीही केला नाही. काय विचारू, डिझेलचं?

२४ मे, रविवार
धुळे, लॉजवर

पहाटे साडेचारला सामान भरत होतो तर गेटपाशी धनाजी. हातात बॅग नव्हती. रात्रीच सांगलीत येऊन स्टँडवर झोपला होता म्हणे. वैजयंताने चहा आणला, तो उभ्या उभ्या प्यायला आणि न विचारता ड्रायव्हरच्या सीटवर बसला. "साताऱ्यापातूर मी."

मी शेजारी, अश्फाक मागे. मांडीवर बिस्किटाचा पुडा होता. माझ्या आजवरच्या आयुष्यात ती सीट मला इतकी बरी कधी वाटली नव्हती. त्याचा हात गिअरवर असा पडायचा की गाडीने गिअर बदलला हे कळायचंसुद्धा नाही.

साताऱ्यात स्टँडच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली. उतरला, फेरा मारून माझ्या दाराशी आला आणि किल्ली माझ्या हातात दिली. डॅशबोर्डमधल्या भंडाऱ्याच्या दोन पुड्यांपैकी त्याच्या नावाची काढून माझ्या वरच्या खिशात घातली.

"तळ्यावर भाईर काढून ठेव. चा हुईस्तवर. मग परत आन. नेलेला भंडारा परत यायला पायजे."

"आनतो."

"आता इचार."

"काय?"

"जे फेब्रुवारीत इचारायचं हुतं ते."

अश्फाक खिडकीबाहेर बघत होता. मागून एसटी हॉर्न देत होती. मला वाटत होतं आता कशाला, सगळं झालंय, सामान बांधलंय. पण तो हलेना.

"धनाजी," मी म्हटलं, "तुज्याबिगर जाऊ का?"

त्याने दाराच्या काचेवर हात ठेवला.

"न्हाई," तो म्हणाला. "माज्या मनाला इचारशील तर न्हाई. जाऊ नगो. मला लय वाईट वाटतंय." डोळे भरले होते, त्याने ते पुसले नाहीत. "येवढंच मला म्हनायचं हुतं रं. तू इचारलंच न्हाईस. आता जा."

मी ड्रायव्हरच्या सीटवर गेलो. सीट त्याच्या उंचीला मागे सरकवलेली होती, पाय पोचेनात, पुढे ओढून घेतली. किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला आणि गाडी एक हिसका देऊन बंद पडली.

स्टँडकडे निघालेला धनाजी वळून ओरडला, "क्लच, मास्तर! हळू सोड, हळू!"

मी परत गाडी चालू केली आणि हळू सोडला.